रात्री सगळं बंद असताना वीज कोण खातंय? एनर्जी मॉनिटर लावून शोधायची पद्धत

बिल वाढलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, एसी कोणी चालू ठेवला होता? मग दोन-चार दिवस सगळे एकमेकांच्या मागे लाइट-पंखे बंद करत फिरतात, कुरबुरी होतात आणि पुढच्या महिन्यात युनिट तेवढेच्या तेवढे. आमच्याकडे हे चार महिने चाललं. शेवटी एनर्जी मॉनिटर बसवला आणि तीन आठवड्यांत एकेक चोर सापडत गेला. गंमत म्हणजे ज्या गोष्टींवरून भांडणं झाली त्यातली एकही त्यात नव्हती. हे सगळं पायरीपायरीने लिहितोय, कारण मॉनिटर घेऊन चार दिवस ॲपमध्ये आकडे बघायचे आणि मग विसरून जायचं असं बऱ्याच जणांचं होताना मी बघितलंय. मॉनिटर नुसता आकडा दाखवतो, शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

आधी हिशोब डोक्यात पक्का करा, त्याशिवाय पुढचं सगळं वाया. १००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट. म्हणजे २००० वॅटचा गिझर १५ मिनिटं लावला तर अर्धा युनिट. आणि १०० वॅट, फक्त १०० वॅट, पण २४ तास चालू असेल तर दिवसाला २.४ युनिट आणि ३० दिवसांत ७२ युनिट. गिझरचा लाल दिवा सगळ्यांना दिसतो, त्यावर ओरडा होतो, आणि हे १०० वॅट कुठेतरी टीव्हीच्या मागे, माळ्यावर, एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये गुपचूप चालू असतात, ते कोणाला दिसतच नाहीत. एक आकडा लक्षात ठेवला तर खूप कामाला येतो: कुठलीही गोष्ट १ वॅटने वर्षभर अखंड चालू राहिली की ८.७६ युनिट होतात. सतत चालणारी कुठलीही वस्तू सापडली की तिच्या वॅटला ८.७६ ने गुणा, वर्षाचा खर्च समोर येतो.

मॉनिटर घ्यायच्या आधी एक संध्याकाळ द्या

पहिल्यांदा बिलावरचे पैसे बघू नका, युनिट बघा. दर बदललेला असू शकतो, बिलाचे दिवस ३० ऐवजी ३५ धरलेले असू शकतात, किंवा रीडिंग प्रत्यक्ष न घेता अंदाजाने टाकलेलं असू शकतं. युनिट भागिले दिवस करा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. मागच्या महिन्याशी नको, कारण हवामान बदललं की वापर बदलतोच.

आणि मीटरवरचा तो लुकलुकणारा छोटा लाल दिवा आहे ना, तो फुकटचा एनर्जी मॉनिटरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं, कुठे ३२००, कुठे १६००, कुठे १०००. आता स्टॉपवॉच लावून १० लुकलुका मोजा (पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणायचं, एक नाही, इथे हमखास चुकतं), त्याला १० ने भागलं की एका लुकलुकीचे सेकंद मिळाले. मग ३६ लाख भागिले छापलेला आकडा, आणि आलेल्या उत्तराला सेकंदांनी भागायचं. मीटर ३२०० चं असेल आणि एका लुकलुकीला ९ सेकंद लागत असतील तर ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५, त्याला ९ ने भागलं की १२५ वॅट. रात्री सगळे झोपल्यावर हे एकदा करून बघा. उत्तर ५०-६० वॅट आलं तर पुढचं वाचायची फार गरज नाही, तुमचा वापर दिवसातला आहे. २०० आलं तर वाचत रहा.

कुठला मॉनिटर

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे प्लगचा, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि त्यात वस्तूचा प्लग लावायचा, एका वेळी एकच वस्तू मोजतो. दुसरा म्हणजे मेन लाइनवर क्लॅम्प (वायरभोवती मिटणारी, करंट मोजणारी कडी) लावायचा, सगळ्या घराचा एकत्र आकडा देतो. तिसरा बोर्डातल्या प्रत्येक सर्किटवर वेगळा छोटा क्लॅम्प लावायचा, एम्पोरिया व्ह्यूसारखा, त्याला १६ सर्किटांपर्यंत क्लॅम्प लागतात. पैसे आणि बोर्डात जागा दोन्ही असेल तर तिसरा घ्या, काम निम्म्यावर येतं. नसेल तर मेनवर एक क्लॅम्प आणि जोडीला एक प्लगवाला एवढ्यात सगळं सापडतं, मी तेच केलं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड करू नका. मॉनिटर व्होल्टेजही मोजणारा हवा. नुसता क्लॅम्प करंट मोजतो आणि व्होल्टेज अमुक एक असेल असं धरून वॅट काढतो, आणि हे आकडे छोट्या लोडला साफ चुकतात. कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरोखर वॅटमध्ये उतरतो ते प्रमाण. एलईडी बल्ब, चार्जर, राउटर असल्या वस्तू करंट वेड्यावाकड्या आकारात ओढतात, त्यांचा पॉवर फॅक्टर सहज ०.५ ते ०.६ असू शकतो, म्हणजे खरे ६० वॅट असताना नुसता करंट मोजणारा मॉनिटर १००-१२० दाखवतो. घरगुती मीटर सहसा खरे वॅट मोजतं. आपण शोधतोय तेच मुळात रात्रीचे हे छोटे इलेक्ट्रॉनिक लोड, आणि तिथेच यंत्र खोटं बोलणार असेल तर काय उपयोग? आणि सोलर असेल तर व्होल्टेज लागतंच, नाहीतर वीज आत येतेय का बाहेर जातेय हेच त्याला कळत नाही आणि दुपारी बाहेर पाठवलेली वीज पण वापर म्हणून मोजली जाते.

बसवताना

हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, मनापासून सांगतोय. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला मीटरकडून येणाऱ्या वायर जिवंतच असतात, आणि क्लॅम्प बऱ्याचदा तिथेच लावायचा असतो. मीटरचं सील तर कोणीच तोडायचं नाही. पण तो बसवत असताना तुम्ही शेजारी उभे रहा आणि या चार गोष्टी बघा, कारण एनर्जी मॉनिटर रोज बसवणारे इलेक्ट्रिशियन कमीच असतात.

क्लॅम्प एकाच वायरवर हवा, फेजवर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्पमध्ये घेतले तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा जवळजवळ शून्य येतो. क्लॅम्पवर बाण असतो, तो मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दिशेला. क्लॅम्पचे दोन तुकडे टक करून पूर्ण मिटले पाहिजेत, मध्ये धूळ किंवा वायरचा तुकडा अडकून बारीकशी फट राहिली तरी रीडिंग कमी येतं. आणि क्लॅम्पची वायर आधी मॉनिटरला जोडायची, मग क्लॅम्प वायरवर लावायचा, उलट नाही, कारण काही क्लॅम्पची टोकं मोकळी असताना त्यातून करंट गेला तर टोकांवर धोकादायक व्होल्टेज तयार होतं.

थ्री फेज असेल तर तीन क्लॅम्प, आणि प्रत्येक क्लॅम्प आपापल्या फेजच्या व्होल्टेजशी जुळलेला हवा. अदलाबदल झाली तर फार विचित्र आकडे दिसतात, १००० वॅटचा हीटर लावलात तर मॉनिटर उणे ५०० दाखवतो. असं काही दिसलं की यंत्राला दोष द्यायच्या आधी फेज तपासा.

बसवून झालं की लगेच खात्री करून घ्या. ज्याचा वॅट माहीत आहे अशी तापणारी वस्तू घ्या, इस्त्री किंवा इलेक्ट्रिक किटली, कारण तिथे पॉवर फॅक्टरची भानगड नसते. चालू करा, ग्राफ किती वर उडी मारतो बघा. १००० वॅटच्या इस्त्रीला ९५०-१०५० दिसलं तर उत्तम. बरोबर अर्धं किंवा दुप्पट दिसत असेल तर सेटिंगमध्ये बहुधा क्लॅम्पचा प्रकार चुकीचा निवडलाय. मग २४ तासांनी मुख्य मीटरचं रीडिंग आणि मॉनिटरचे युनिट ताडून बघा. दोन-तीन टक्के फरक चालतो. हे दोन्ही जुळले की एक मोठा प्रश्न कायमचा मिटतो, मीटर फास्ट पळतंय का? नाही पळत, वीज खरंच घरात जातेय.

पहिला आठवडा काहीही बदलू नका

हे सगळ्यात अवघड आहे. मॉनिटर लागल्या लागल्या सगळे उत्साहात असतात, हे बंद कर, ते काढ, आणि मग कशामुळे काय कमी झालं तेच कळत नाही. आठवडाभर नेहमीसारखं जगा आणि फक्त दोन आकडे काढा, रात्री २ ते ४ मधले. एक म्हणजे तळ, त्या दोन तासांत ग्राफ सगळ्यात खाली जिथे टेकतो तो आकडा. दुसरा म्हणजे त्याच दोन तासांची सरासरी.

हे दोन आकडे वेगवेगळे काढण्यामागे कारण आहे. तळ म्हणजे जे कधीच बंद होत नाही ते. सरासरी आणि तळ यातला फरक म्हणजे जे आपोआप चालू-बंद होत राहतं ते, फ्रिज, पंप, हीटर. माझ्याकडे तळ १४५ होता आणि सरासरी २३०. २३० वॅट म्हणजे महिन्याला १६५ युनिट, घरातल्या कोणीही बटणाला हात न लावता! तो आकडा कागदावर लिहिला तेव्हा चार महिन्यांच्या भांडणांचं खरंच वाईट वाटलं. पण त्याच वेळी दोन स्वतंत्र कामं समोर आली: १४५ कुठे जातायत, आणि वरचे ८५ कोण घेतंय.

ग्राफ वाचायला शिका

यासाठी ग्राफ सेकंदा-सेकंदाचा किंवा निदान १० सेकंदांचा हवा. १५ मिनिटांच्या सरासरीत सगळे आकार पुसले जातात, ॲपमध्ये झूम करून सगळ्यात बारीक पातळीवर जा.

तापणारी वस्तू भिंतीसारखी सरळ वर जाते, वरती सपाट पठार, आणि सरळ खाली. मोटर किंवा साधा कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर उंच टोक मारतो आणि मग खाली येऊन स्थिर होतो, म्हणून साधा फ्रिज ओळखणं सोपं आहे, टोक, मग १००-१५० वॅटचं पठार १५-२० मिनिटं, मग विश्रांती. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (वेग कमी-जास्त करत चालणारा) असेल तर टोक नसतं, हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो, तो फार लपतो. आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवायचा हीटर असतो, तो दिवसातून एकदोनदा काही शे वॅटचं पठार काढतो, ते बघून घाबरू नका, ते नॉर्मल आहे. पण फ्रिज विश्रांतीच घेत नसेल, रात्रभर एकच सलग पठार, तर दाराचं रबर तपासा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर तिथून गारवा जातोय. मागची जाळी धुळीने भरलेली असेल तर ती पण साफ करा.

सगळ्यात महत्त्वाचा आकार म्हणजे कंगवा. ठरावीक अंतराने उभे दात, दात, दात, रात्रभर. कंगवा दिसला की समजायचं काहीतरी गळतंय, पाणी, उष्णता किंवा हवा, आणि कुठलं तरी यंत्र ते परत परत भरून काढतंय.

माझ्या ग्राफमध्ये कंगवा होता. दर ९ मिनिटांनी ६०० वॅटचा दात, ३५ सेकंद टिकायचा. आधी मी फ्रिजला दोष दिला, पण फ्रिज एवढा ओढत नाही. मग एका रात्री अडीच वाजता फोन हातात घेऊन अंधारात पॅसेजमध्ये बसलो, ॲप उघडून. आकडा १९० वर होता, फ्रिज चालू होता त्याचा. घरात एकदम शांत. आणि ७९० झाला त्याच क्षणी बाथरूमच्या वरच्या माळ्यावरून बारीक घुर्रर्र आवाज, ३५ सेकंद, आणि बंद. प्रेशर पंप. दिवसा तो आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता. पण अडीच वाजता पाणी कोण वापरतंय? एकही नळ गळत नव्हता, सगळ्यांखाली हात लावून बघितला. शेवटी फ्लशच्या टाकीत खाण्याच्या लाल रंगाचे थेंब टाकले आणि फ्लश न करता बसून राहिलो, तर २० मिनिटांत खाली भांड्यात लालसर रेघ उतरली. टाकीच्या तळातलं रबर वाकडं झालं होतं, पाणी कडेने आवाज न करता झिरपत होतं, लाइनमधलं प्रेशर पडत होतं आणि पंप ते भरत होता. हिशोब केला तर दिवसाला १६० वेळा, म्हणजे ०.९ युनिटच्या आसपास, महिन्याला २८. पाणी गेलं ते वेगळंच आणि पंपाची झीज वेगळी. रबर बदललं, कंगवा त्याच रात्री गायब.

असाच कंगवा गिझरचा असू शकतो. गरम पाण्याचा नळ थेंब थेंब गळत असेल तर २००० वॅटचा दात दर तासाला तीन मिनिटं एवढं पुरेसं आहे, त्याची सरासरी १०० वॅट होते, म्हणजे पुन्हा महिन्याला ७२ युनिट. दात रुंद आणि सपाट असतो, टोक नसतं, यावरून पंप आणि गिझर वेगळे ओळखता येतात.

तळ शोधायचा, एकेक एमसीबी पाडून

कंगव्याचं काम झालं की तळाकडे वळा. एमसीबी म्हणजे बोर्डातला प्रत्येक सर्किटचा वेगळा स्विच, पाडायचा म्हणजे खाली ओढून बंद करायचा. या कामाला दोन माणसं लागतात, एक बोर्डापाशी, एक फोन आणि कागद घेऊन. आधी तयारी: कॉम्प्युटर नीट शट डाउन करा, एमसीबी पाडून बंद करू नका. घरात कोणाचं श्वासाचं मशीन किंवा दुसरं कुठलं वैद्यकीय उपकरण लाइनवर असेल तर ते सर्किट या खेळात घ्यायचंच नाही. बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर त्याला आधी बायपास करा, नाहीतर एमसीबी पाडल्यावर लोड बॅटरीवर जातो, आणि परत चालू केल्यावर बॅटरी चार्जिंगमुळे आकडा वाढलेला दिसतो आणि पूर्ण कोष्टक चुकतं. फ्रिज आणि पंपाचे एमसीबी सुरुवातीलाच पाडून ठेवा म्हणजे आकडा मध्येच उड्या मारणार नाही, अर्धा तास फ्रिजचं दार उघडू नका, आणि बंद केलेला फ्रिज किंवा एसी निदान पाच मिनिटं गेल्याशिवाय परत चालू करू नका.

आणि वाय-फाय! राउटर ज्या सर्किटवर आहे ते पाडलं की मॉनिटरचा ॲपशी संपर्क तुटतो आणि लोकांना वाटतं आकडा शून्य झाला. ते सर्किट शेवटी ठेवा.

आता एक एमसीबी पाडा, अर्धा मिनिट थांबा कारण ॲप थोडं मागे चालतं, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा लिहा. पाडलेला पाडलेलाच ठेवून पुढच्याकडे जा. माझ्या कागदावर हे होतं: सुरुवात १४५. बेडरूमच्या एसीचा पाडला, १०५. रिमोटने बंद असलेला, दोन महिने कोणी न लावलेला एसी ४० वॅट घेत होता! काही एसींच्या बाहेरच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरला एक हीटर असतो, थांबलेल्या कॉम्प्रेसरमधलं तेल कोमट राहावं आणि त्यात गॅस मिसळू नये म्हणून, आणि तो रिमोटचं काही ऐकत नाही. सीझन नसताना एमसीबीवरूनच बंद ठेवा, पण परत सुरू करायच्या आधी मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढे तास आधी करंट द्या, ते विसरलात तर कॉम्प्रेसरला त्रास होऊ शकतो. मग अभ्यासाच्या खोलीचा पाडला, १०५ वरून ७०. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पाडला, ५२. राहिला हॉल, तिथे राउटर, म्हणून तिथे मीटरच्या दिव्याचाच उपयोग केला. ५२ वॅटला ३२०० च्या मीटरवर साधारण २१-२२ सेकंदांनी एक लुकलुक येते, तशी येत होती. हॉलचा पाडला आणि पाच मिनिटं बघत उभा राहिलो, एकही नाही.

सगळे पाडूनही मॉनिटर दोन-पाच वॅट दाखवत असेल तर ती क्लॅम्पच्या मोजणीतली चूक समजा, मोठे १०० अँपिअरचे क्लॅम्प एवढं बारीक मोजू शकत नाहीत. पण मेन स्विच बंद आणि तरीही मीटरचा दिवा नियमित लुकलुकतोय, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कोणाचा तरी लोड जोडलेला आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे. फोटो नाही, व्हिडिओ काढा, त्यात मेन स्विच आणि मीटर दोन्ही दिसू द्या, आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या. स्वतः वायर सोडवत बसू नका. आणि एखादा एमसीबी असा सापडला की त्यावर ६० वॅट आहेत पण घरात काहीच बंद पडत नाही, तर तो जिन्याचे दिवे किंवा शेजारची एखादी लाइन चालवत असू शकतो. आधी शेजाऱ्यांना सांगून, दिवसाउजेडी बंद करून बघा. बहुतेक वेळा वायरिंग करतानाच्या चुकीने हे झालेलं असतं, त्यामुळे बोलायला जाताना आवाज चढवून जाऊ नका.

मग एकेक खोली, प्लगच्या मीटरने

सर्किट कळलं की त्यावरची प्रत्येक वस्तू प्लगच्या मीटरला लावा. चालू असताना किती आणि बंद असताना किती, दोन्ही लिहा, कारण माझ्या सेट-टॉप बॉक्सचा आकडा चालू असताना १५ आणि रिमोटने बंद केल्यावर १४ होता. फक्त दिव्याचा रंग बदलत होता! गेमिंग कन्सोल झटपट चालू होण्याच्या मोडमध्ये १२, सेटिंगमध्ये तो मोड बंद केल्यावर १ च्या खाली. साउंड सिस्टिम ११. आणि राउटर १५, ते लागतंच. हॉलचे ५२ पूर्ण जुळले. अभ्यासाच्या खोलीतले ३५ सगळे एका जुन्या यूपीएसचे निघाले. त्याची बॅटरी कधीच मेलेली होती, चार्ज धरत नव्हती, आणि तो बिचारा रात्रंदिवस चार्ज करायचा प्रयत्न करत होता. हात लावला तर कोमट. हा हाताचा प्रयोग सगळीकडे करा, तासनतास न वापरलेली वस्तू कोमट लागली तर ती वीज खातेय, उष्णता दुसरीकडून कुठून येणार.

मोबाइलच्या चार्जरमागे मात्र लागू नका. रिकामा लटकलेला आजचा चार्जर ०.१ ते ०.३ वॅट घेतो, ०.३ धरला तरी वर्षाला २.६ युनिट. साध्या स्टँडबायचा (रिमोटने बंद, पण प्लगला जोडलेल्या वस्तूचा) प्रश्न आता बराच सुटलाय, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबाय १ वॅटवर आणायची मोहीम मांडली आणि २०१३ पासून युरोपियन युनियनमध्ये साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा आहे, त्यामुळे नवा टीव्ही फारसा खात नाही. पण नेटवर्कला जोडून राहणाऱ्या वस्तूंचे नियम वेगळे आणि सैल आहेत, म्हणून आधी बॉक्स, कन्सोल, रेकॉर्डर, स्पीकर, जुने यूपीएस यांच्याकडे जा.

ॲप आपोआप वस्तू ओळखतं म्हणतात, त्याचं काय? ही कल्पना जुनी आहे, १९८० च्या दशकात एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी मेन लाइनच्या चढउतारांवरून वस्तू ओळखायची पद्धत मांडली, त्यांचा गाजलेला पेपर १९९२ चा. गिझर, इस्त्री, साधा पंप अशा ठणठणीत चालू-बंद होणाऱ्या गोष्टी ती चांगली ओळखते. पण जी वस्तू कधी बंदच होत नाही तिची पायरीच ग्राफमध्ये येत नाही, मग ओळखणार कशावरून? म्हणजे आपला तळ तिला दिसतच नाही, तो "इतर" मध्ये ढकलला जातो. म्हणून ते फीचर दिवसाच्या वापरासाठी बघा, रात्रीच्या शोधासाठी एमसीबी आणि कागदच.

एवढं करूनही एखाद्या सर्किटवर लोड आहे, सगळे प्लग काढलेत, दिवे बंद आहेत आणि आकडा हलत नाही, तर आधी भिंतीत आणि छतात कायम जोडलेल्या वस्तू आठवा, एक्झॉस्ट फॅन, घंटीचा ट्रान्सफॉर्मर, गेटची मोटर, बागेतले दिवे. त्यातलं काहीच नसेल तर थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, कारण मग वायरचं इन्सुलेशन खराब होऊन करंट अर्थिंगमध्ये जात असण्याची शक्यता उरते. त्याच्याकडे लीकेज मोजणारा बारीक क्लॅम्प मीटर असतो, तो फेज आणि न्यूट्रल मुद्दाम एकत्र पकडून दोन्हीतला फरक मिलिअँपिअरमध्ये मोजतो. आपल्या मॉनिटरच्या क्लॅम्पने ते दिसत नाही. आणि घरात ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या, तो विजेच्या बिलासाठी नाही, माणसांसाठी आहे.

माझ्याकडचा शेवटचा हिशोब असा झाला. पंप रात्रभर उगाच चालू व्हायचा थांबला, ३९ वॅट सरासरीतून गेले. एसी एमसीबीवर, ४० गेले. यूपीएस काढला, ३५ गेले. हॉलमधल्या तीन वस्तूंना एका स्विचवाल्या बोर्डवर घेतलं आणि कन्सोलचा मोड बदलला, ३५ गेले. फ्रिज, राउटर आणि रेकॉर्डर तसेच आहेत, ते आपलं काम करतायत. तळ १४५ चा ३५ झाला, सरासरी २३० ची ८० च्या आसपास, म्हणजे महिन्याला १०० हून थोडे जास्त युनिट कमी, आणि घरातल्या कोणालाही काही सोडावं लागलं नाही.

मॉनिटर काढून ठेवू नका. ॲपमध्ये अलर्ट लावा, रात्री २ ते ४ ची सरासरी १२० च्या वर गेली की मेसेज. आणि एमसीबीचा तो कागद, कुठल्या एमसीबीवर काय आहे आणि रात्री किती वॅट, तारीख टाकून बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मागच्या महिन्यात मला रात्री तीनला मेसेज आला, १६० वॅट. सकाळी कागद समोर ठेवून दहा मिनिटांत सापडलं, पाहुण्यांच्या खोलीतला छोटा हीटर सगळ्यात कमी आकड्यावर चालू राहिला होता.